मुंगीचे दोनशे फॉर्म

स्वयंपाकघरातल्या चार फळ्यांपैकी तीन पुसून त्यांवर कागद घालून झाले होते. चौथ्या फळीवरचे डबे जमिनीवर, झाकणं भलतीकडेच, मी स्टुलावर उभी, आणि नेमका कागद संपला. जुनी वर्तमानपत्रं आदल्याच आठवड्यात रद्दीवाल्याला देऊन बसले होते. मी स्टुलावरूनच विचारलं, "मुंगे, तुझ्याकडे काही कागद आहेत का गं?"

"टेबलाखाली गठ्ठा आहे, मामी. बाद झालेला आहे. मागून कोरा आहे, घे खुशाल."

मुंगी म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. तिचं कॉलेज आमच्या घरापासून दोन थांब्यांवर, म्हणून चार वर्षं आमच्याकडेच राहते. अंगाने काडी आणि पाठीवरची लॅपटॉपची पिशवी तिच्यापेक्षा मोठी. ते बघून यांनी, म्हणजे तिच्या मामांनी, पहिल्याच दिवशी तिला मुंगी म्हटलं आणि ते चिकटलं. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. हिच्या वाट्याला साखर कधी आलेली मी पाहिली नाही, नुसतं ओझंच पाहिलं.

कॉम्प्युटर सायन्सचं हे तिचं शेवटचं वर्ष. एका कंपनीत नोकरी ठरली होती, पण अट अशी की जुलैच्या एक तारखेला पदवी हातात पाहिजे. बाकीचे विषय तिचे झालेच होते. राहिला होता तो प्रोजेक्ट. तो अडकला तर पुरवणी परीक्षा सहा महिन्यांनी, आणि कंपनी काही मामामामी नव्हे, दार उघडं ठेवून वाट बघायला.

प्रोजेक्ट काय, तर हाताने लिहिलेला कागद कॉम्प्युटरने वाचायचा. दवाखान्यात नाव नोंदवायला आपण जो कागद भरतो तो खिडकीमागची बाई पुन्हा एका बोटाने टाइप करत बसते, आणि तोवर रांग दाराबाहेर जाते. मुंगीने मला गेल्या वर्षी तिथे रांगेत उभं असतानाच सांगितलं होतं, "मामी, हे मशीनने वाचायला हवं." ती बोलली की करतेच.

कसं शिकवतात तेही तिने मला समजावलं होतं. लहान मुलाला अक्षर गिरवायला देतो तसं मशीनला पुष्कळ माणसांचं अक्षर दाखवायचं. त्यासाठी तिने एक फॉर्म केला होता. वर वय, स्त्री की पुरुष, डावखुरे की उजवे एवढंच, नाव नाही. खाली चौकटींत सगळी अक्षरं, आकडे, आणि मग तीन ओळी बघून उतरवायच्या. असे दोनशे फॉर्म. काही दाखवून शिकवायचं, काही लपवून ठेवायचे, आणि त्या लपवलेल्यांवर मशीनची परीक्षा घ्यायची. परीक्षेत मशीन शंभरात सत्त्याण्णव अक्षरं बरोबर वाचत होतं. प्रोजेक्टच्या सरांनी तो सत्त्याण्णवचा आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर घालायला लावला होता. काळ्या पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती बांधून आल्या होत्या. सादरीकरण येत्या गुरुवारी.

हे सगळं ठीक होतं, शनिवारी मी स्टुलावर चढेपर्यंत.

गठ्ठ्यातला पहिला कागद उलटा घालता घालता सवयीने वाचला. ते यांचं अक्षर होतं. दुसरा शिंपीदादांचा, ते 'प' लिहितात तो कात्रीसारखा. तिसरा समोरच्या आजींचा, चौथा माझ्या डावखुऱ्या जावेचा. पाचवा बघते तर माझा.

"मुंगे, मी बाद?"

ती आतून हसत आली. "रागावू नकोस गं. अस्पष्ट म्हणून काढले. पहिल्या परीक्षेत मशीनला चौऱ्याऐंशीच मिळाले. सर म्हणाले, जे वाचता येत नाहीत ते बाजूला काढ. त्रेचाळीस काढले आणि आकडा चढला."

"रोज पानभर लिहिणारी मी, आणि माझं अक्षर अस्पष्ट! नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं हे."

"मशीनला सांग."

मी कागद चाळत राहिले. सगळे ओळखीचे. इस्त्रीवाला, नणंदेच्या ऑफिसातल्या दोघी, वरच्या मजल्यावरचे मास्तर. मी सहज म्हटलं, "हे सगळे आपलेच आहेत की. तुझ्या ग्रुपमधल्या त्या तिघांनी आणलेला एकही बाद नाही? त्यांच्या ओळखीत सगळेच मोत्यांसारखं लिहितात?"

हे मी थट्टेत म्हटलं होतं, देवाशप्पथ. पण मुंगीचं हसू तिथेच थांबलं. ती खोलीत गेली आणि चांगल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आली. डब्यांच्या मधल्या जागेत आम्ही दोघी बसलो आणि ते जमिनीवर पसरले.

ग्रुप चौघांचा. मुंगी, एक मुलगा ज्याला सगळे कवी म्हणतात, आणि दोन जुळे भाऊ. प्रत्येकाने पन्नास फॉर्म आणायचे होते. मुंगीला पन्नास माणसं धरायला दोन आठवडे लागले. एकेकाच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली होती. त्या तिघांनी दीडशे चार दिवसांत आणून दिले होते.

आता ते दीडशे बघितले, तर शाई निळी, काळी, हिरवीसुद्धा. काही तिरके, काही गोल, काही टोकदार. पहिल्या नजरेला कुणीही फसेल. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग कळलं. एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. माणूस तीन ओळी उतरवतो आणि कुठेच अडखळत नाही? आमच्या यांनी तर स्वतःचं वयसुद्धा खोडून लिहिलं होतं. मग एक कागद हाताला लागला, वय चौऱ्याहत्तर, स्त्री. सत्तरी ओलांडली की माणसाची ओळ उतरणीला लागते. माझ्या आईची शेवटची पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांत प्रत्येक ओळ कोपऱ्यात जाऊन बसलेली. हिची ओळ पट्टीने आखल्यासारखी.

मी म्हटलं, "बाळा, ह्या बाईचा हात एकदाही कापलेला नाही."

मुंगीने तो कागद घेतला, मग दुसरा, मग दहा-बारा एकदम, आणि शेवटी सगळे सोडून भिंतीला टेकून बसली. फळी तशीच राहिली. संध्याकाळचा स्वयंपाक मी डब्यांच्या गराड्यात केला.

त्याच संध्याकाळी तिने बाद केलेले त्रेचाळीस कागद, चौथ्या फळीवर घातलेलेही परत काढून, मशीनला वाचायला दिले. ते लॅपटॉपमध्ये वीस मिनिटं कुरकुरलं आणि आकडा आला, अठ्ठावन्न.

"म्हणजे पेपर फुटला होता म्हण की," मी म्हटलं.

"फुटला नाही, मामी. काढणारा आणि सोडवणारा एकच. एका माणसाचं अक्षर दाखवलं आणि परीक्षाही त्याच माणसाच्या अक्षराची घेतली. आणि खरी माणसं होती ती मी माझ्या हाताने वेचून बाहेर काढली." मग म्हणाली, "मला कळलं होतं गं. चार दिवसांत दीडशे कोण आणतं? तेव्हाच आत कुठेतरी कळलं होतं. पण मला सत्त्याण्णव हवे होते."

मी उठून दिवा लावला आणि देवापुढे बसले. प्रामाणिकपणे लिहायचं तर, मी डोळे मिटून हेच मागत होते की देवा, गुरुवार तेवढा निभावून ने, मग बघू. मागून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. देवाला काय मी खिडकीमागची बाई समजले, फॉर्म पुढे सरकवायला?

रविवारी तिने त्या तिघांना घरी बोलावलं. कवी आला, आणि जुळ्यांपैकी एक. मी पाणी दिलं आणि विचारलं, "दुसरा कुठे आहे रे?"

"मीच दुसरा, काकू."

आठच्या तासाला एकच भाऊ जातो आणि दोघांची हजेरी लावतो, हे मला मुंगीने सांगितलं होतं. त्या दिवशी कळलं की तो तिघांची लावायचा. कवीला सकाळी उठवत नाही. त्याच्या बदल्यात कवीने जुळ्यांच्या वाटचे शंभर फॉर्म लिहून दिले होते. स्वतःचे पन्नास धरून दीडशे.

मुंगीने चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा कागद त्याच्यापुढे टाकला. "ही कोण?"

कवीने कागद उचलून निरखून बघितला. "ही... ही माझी आजी धर."

"आजी आहे तुला?"

"नाही. म्हणून तर." आणि मग त्याला चेव आला. "हे बघ, मी काही कसंतरी खरडलं नाही. दीडशे माणसं कल्पनेतून उभी केलीत. प्रत्येकाचं वळण वेगळं ठेवलंय. पंचवीस तर डाव्या हाताने लिहिलेत, खांदा दुखत होता आठवडाभर. कला आहे ही."

"आणि आजी?"

"तिचं मी सावकाश लिहिलं."

मला हसू आवरेना म्हणून मी आत गेले. पण मुंगी हसली नाही. तिचा आवाज चढला, आणि चार वर्षांत मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला. "तू पन्नास माणसांना 'जरा लिहून देता का' एवढंही विचारू शकला नाहीस? मी इस्त्रीवाल्याचे कपडे सांभाळत दुकानात बसले, तो लिहीत असताना! प्रोग्रॅम मी लिहिला, अहवाल मी लिहिला, तुम्हाला फक्त माणसं आणायची होती. माणसं!"

जुळा म्हणाला, "पण तू कधी कशाला नाही म्हणत नाहीस ना. आम्हाला वाटलं चालेल."

"आणि आता काय करायचंय तुला?" कवीने विचारलं. "गुरुवारी सत्त्याण्णव दाखवायचे, टाळ्या घ्यायच्या, सुटायचं. बाहेरून येणारे परीक्षक काय तुझ्या मामीएवढे बारकाईने बघणार आहेत? ते दहा मिनिटं बसतात, त्यातली पाच चहाची."

ते दोघं गेल्यावर मुंगीने सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. नणंदेचा फोन आला, "झालं का गं प्रोजेक्टचं?" तेव्हा म्हणाली, "होतंय." रोज तेच उत्तर. आई बिचारी जुलैची एक तारीख कॅलेंडरवर गोल करून बसलेली.

सोमवारी ती सरांकडे गेली. हे सर तसे वाईट नाहीत, चार वर्षं त्यांनी मुंगीला स्वतःची पुस्तकं दिली आहेत. म्हणून तर तिला जास्त लागलं. परत आली ती चपला न काढता खुर्चीत बसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू हुशार मुलगी आहेस, शेवटच्या घटकेला हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? बांधणी झाली आहे. आकडा वरपर्यंत कळवला आहे. अहवालात शेवटी 'भविष्यातील काम' असं एक प्रकरण असतं, मामी. त्यात एक ओळ टाक म्हणाले, की यापुढे अधिक लोकांच्या हस्ताक्षरावर तपासणी करावी."

"मग टाक की. ते तरी खोटं नाही."

"अधिक लोकांच्या, मामी? आत्ता आहेत किती? दीड माणूस! एक कवी आणि अर्ध्यात माझे उरलेले सात!" तिने पिशवी आपटली आणि लगेच लॅपटॉप शाबूत आहे का ते उघडून बघितलं. रागातसुद्धा मुंगी मुंगीच.

रात्री जेवताना हे म्हणाले, "जगाची रीत आहे, पोरी. आमच्या कारखान्यातही तपासणीच्या दिवशी चांगला माल पुढे मांडतात."

"आणि मागचा माल कुणाला जातो, मामा?"

यांनी भाताकडे बघितलं. "गिऱ्हाइकाला," ते म्हणाले.

मंगळवारी ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. मला वाटलं होतं, एक तर त्या शाबासकी देतील, नाही तर झापतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. अहवाल मागे घेता येतो. नवा अहवाल देण्याची शेवटची तारीख नऊ जून. नवा आकडा जो येईल त्यावर गुण, मग तो साठ येवो की पन्नास. सादरीकरण शेवटच्या तुकडीत, आणि तिचा निकाल जूनच्या अखेरीला लागतो, कधी लागतो तर कधी चार दिवस पुढे जातो. आणि प्रोजेक्ट ग्रुपचा असल्यामुळे मागे घ्यायच्या अर्जावर चौघांच्या सह्या हव्यात. एकाने नाही म्हटलं, तर जे बांधलंय तेच गुरुवारी सादर होणार.

म्हणजे खोट्याला एकाचाच हात पुरला होता, आणि खऱ्याला चार लागत होते. हे मी मुंगीला म्हटलं नाही, ती आधीच पेटलेली होती.

बुधवारचा दिवस सह्यांमागे गेला. जुळ्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि सही केली. मग पेन न ठेवता शेजारी दुसरीही करायला लागला. मुंगीने कागद ओढून घेतला. "भावाला घेऊन ये. इथे. दोन पायांवर." तासाभराने दुसरा भाऊ आला. चार वर्षांत त्याला पहिल्यांदा बघितलं असं ती म्हणाली. हनुवटीवर तीळ आहे म्हणे.

कवी दुपारपर्यंत फोन उचलत नव्हता. शेवटी ही त्याच्या खोलीवर जाऊन दारात बसली. त्याने एक अट घातली. सही करतो, पण ते फॉर्म मी लिहिले असं कुठेही यायला नको. अर्जात लिहायचं, "दीडशे नमुने अग्राह्य आढळले." बस्स. घरी वडील शिक्षक आहेत, त्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते.

मुंगीने तसं लिहिलं.

घरी येऊन तिने मला अर्जाची प्रत दाखवली. मी म्हटलं, "अग्राह्य? आभाळातून पडले का ते फॉर्म? एवढं सगळं केलंस ते खरं बोलायला ना?"

"मामी, सगळं खरं लिहायला गेले असते तर सही आली नसती. सही आली नसती तर उद्या सत्त्याण्णव दाखवावे लागले असते. एवढं खरं परवडलं, तेवढं घेतलं."

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण दारात बसून ती आली होती, मी नाही. मी ताट वाढलं.

तेव्हापासून घरात माणसांची शिकार चालू आहे. पन्नास खरे होते, त्यात आणखी निदान दीडशे हवेत, म्हणजे मशीनला काही तरी शिकता येईल. मुंगी आता कुणालाही सोडत नाही. बसथांब्यावर, लायब्ररीत, शिंप्याच्या दुकानात बाकावर. लोक काय काय म्हणतात! एक आजोबा म्हणाले, "आज अक्षर घेतेस, उद्या घर नावावर करून घेशील." एक बाई म्हणाल्या, लग्नानंतर पेन धरलेलं नाही, आणि मग अर्धा तास बसून असं सुरेख लिहिलं की त्यांना स्वतःलाच कागद द्यावासा वाटेना. हे कारखान्यातून सव्वीस आणतात म्हणाले आणि बावीस आणले. त्यांतल्या दोघांनी तीन ओळींच्या खाली आपल्या पगाराची तक्रार लिहिली होती. जुळ्यांनी नऊ दिले, आणि प्रत्येक माणसाचा फॉर्म भरतानाचा फोटो जोडला, न मागता. कवीने अकरा आणले. ते देताना म्हणाला, "लोकांचं अक्षर फार वाईट असतं गं." मुंगी म्हणाली, "हो. त्याच्याचसाठी आहे हे सगळं."

सर कॉरिडॉरमध्ये समोरून आले की फोन कानाला लावतात. गुरुवारी बाकीच्या सगळ्या ग्रुपांची सादरीकरणं झाली, संध्याकाळी मुलं हॉटेलात जेवायला गेली. हिला कुणी बोलावलं नाही असं नाही, पण हीच गेली नाही. कंपनीला तिने पत्र पाठवून विचारलंय की निकाल चार दिवस पुढे गेला तर चालेल का. "आपली विनंती नोंदवली आहे" एवढं उत्तर आलंय. त्याचा अर्थ आम्ही तिघं रोज जेवताना लावतो आणि रोज वेगळा लागतो.

काल शंभर नवे फॉर्म झाले. मशीनला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आकडा आला एकाहत्तर. मी म्हटलं, "चढला की गं!" ती म्हणाली, "एकाहत्तरला कुणी टाळ्या वाजवत नाही, मामी. दवाखान्यात दहातली तीन अक्षरं चुकली तर माणूसच बदलतो." मी म्हटलं, देव बघतोय. ती म्हणाली, "बघू दे. बघता बघता एक फॉर्मही भरून दिला तर बरं होईल." मी तिला दटावलं, पण लटकंच. देवानेही मनावर घेतलं नसावं.

आज सोमवार, नऊ दिवस उरलेत. म्हातारी माणसं अजून कमी पडतात, साठीच्या पुढची फक्त चौदा आहेत. उद्या एक तारीख, बँकेत पेन्शनवाल्यांची रांग सकाळी नऊपासून लागते. मुंगीला त्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून चाळीस फॉर्मांच्या झेरॉक्स काढून आणायच्या आहेत.